शिळा रस

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढे लिहायचा प्रसंग आला तो सह्या करण्यापुरता. ल आणि ळ, न आणि ण यांत माझी गल्लत होते, र्‍हस्व-दीर्घाचं तर बोलायलाच नको. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागावीशी वाटते. कारण ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे त्यांनी माझ्या एका चुकलेल्या अक्षराला फार मान दिला होता.

दाजी जाऊन आता दीड महिना होत आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माझे मालक वारले त्या वर्षी ते दोघं मला रहाटणीला घेऊन आले, दोन गल्ल्या सोडून खोली बघून दिली आणि तेव्हापासून माझा रविवार त्यांच्याकडेच असतो. तो शेवटचा रविवारही तसाच होता. मी गेले तेव्हा दाजी मोरीच्या उंबऱ्यावर बसून दगडाने टाचा घासत होते. त्यांच्या टाचा म्हणजे भेगाळलेलं शेत. मी चहाचा कप त्यांच्याजवळ ठेवला तसे ते म्हणाले, "शकू, शनिवारी शाळेतल्या पोरांना तू सांग. तीन जिने चढायला छाती ऐकत न्हाई आता."

"मी? मी काय सांगू?"

"ज्वालामुखी."

"अहो दाजी, मला दुकानात पावशेर साखर मागताना घाम फुटतो."

"मग बरंच हाय की. घामापासनं सुरवात कर, पुढचं आपोआप फुटंल."

अक्का आतून ओरडली, "तिला कशाला छळताय? ती तोंड उघडेल तेव्हा तोच खरा ज्वालामुखी!"

आम्ही हसलो. पण मी मान हलवून नाही म्हटलं. दाजींनी आग्रह केला नाही. त्यांनी हातातला दगड बादलीत सोडला, त्यातून बुडबुडे वर आले, आणि ते संपेपर्यंत ते बघत बसले... "इचार कर," एवढंच म्हणाले. गुरुवारी मी शाळेत खिचडी वाढत होते तेव्हा अक्काचा फोन आला. दाजींनी चहा पिऊन कप खाली ठेवला होता आणि भिंतीला टेकले होते. बस्स, एवढंच. माझ्या हातात डाव होता आणि पुढच्या पोराची ताटली रिकामी होती. मी आधी त्याला वाढलं आणि मग रडले.

मला शाळेत सगळे खिचडीवाल्या मावशी म्हणतात. दाजी मात्र तीस वर्षं भोसरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. त्यांचं काम मला कितीतरी वर्षं नीट माहीत नव्हतं. लोखंड वितळवतात आणि साच्यात ओततात, एवढंच ऐकून होते. मग एका खंडेनवमीला कंपनीतल्या पूजेला घरच्यांना बोलावलं होतं म्हणून अक्काबरोबर मीही गेले. पूजा दुपारी होती, सकाळचं ओतकाम अजून चालू होतं. आम्हाला लांब, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं केलं. वरून एक भलंमोठं भांडं साखळीला लटकत आलं, हळूच कललं, आणि त्यातून जे खाली पडलं त्याला मी काय म्हणू? पाणी म्हणावं तर त्याला उजेड होता. उजेड म्हणावा तर त्याला धार होती. इतक्या लांबून माझ्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं आणि मी पदर पुढे घेतला. त्या उजेडात निळ्या चष्म्याचा एक माणूस हाताच्या नुसत्या खुणेने ते भांडं पुढे-मागे करवत होता. ते दाजी होते, हे अक्काने सांगितल्यावर कळलं. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी न बोलता जेवणारा हा माणूस तिथे सूर्य ओतत होता.

तिथली माणसं त्याला 'रस' म्हणायची. रस आला, रस गार होतोय, रस सांभाळा. त्या दिवशी परत येताना दाजींनी सांगितलं की रसाला सगळ्यात जास्त भीती पाण्याची. भांड्यात नुसता ओलसरपणा राहिला तरी पाण्याची क्षणात वाफ होते, तिला पसरायला जागा हवी असते, आणि मग रस छपराला जाऊन लागतो. "म्हणून साच्याला तारेनं बारीक भोकं पाडतो आमी. व्हेंट. आतल्या गॅसला वाट दिली की तो गुमान जातो. वाट न्हाई दिली तर तो आपली वाट काढतो." आणि कधी थोडासा गॅस रसातच अडकून राहिला तर गार झालेल्या लोखंडात पोकळ्या राहतात. त्यांना ते ब्लो होल म्हणायचे. असा माल रिजेक्ट.

दाजी निवृत्त झाले आणि वर्षभरातच घरी बसून कंटाळले. वाकडला एका मोठ्या इमारतीचं काम सुरू होणार होतं, तिथे त्यांनी दिवसपाळीचं वॉचमनचं काम धरलं. तळघरासाठी मोठा खड्डा खणत होते. रोज खड्डा खोल जायचा आणि रोज संध्याकाळी दाजी काहीतरी नवीन सांगायचे. एक दिवस ते एक काळा दगड घेऊन आले. सगळा भोकाभोकांचा, जाळी पडल्यासारखा. अक्काच्या हातात देऊन म्हणाले, "हे बघ, ब्लो होल! देवाचा रिजेक्ट माल." अक्काने तो उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "टाचा घासायला बरा आहे." तेव्हापासून तो मोरीत राहिला.

पण दाजींच्या डोक्यातून तो जाईना. लोखंड ओतताना पडतात तशी भोकं दगडाला कशी पडली? म्हणजे दगडही कधी रस होता? तिथल्या एका इंजिनीअर बाईंना त्यांनी विचारलं, आणि त्या बाईंनी हसण्यावारी न नेता त्यांना खड्ड्याच्या कडेला नेऊन सगळं समजावलं. पुढच्या रविवारी त्यांचीच परवानगी काढून दाजी आम्हा दोघींना तिथे घेऊन गेले. डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून आम्ही बहिणी उभ्या होतो, अक्काचं हेल्मेट अंबाड्यावर बसेना. समोर खड्ड्याची उभी भिंत. खाली काळा दगड, मध्ये हातभर तांबडा पट्टा, वर पुन्हा काळा दगड. कुणी आखून काढल्यासारखं.

"खालचा काळा म्हंजे एक ओतकाम," दाजी म्हणाले. "जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आन त्यातनं दगडाचा रस आला. डोंगराच्या टोकातनं न्हाई, भेगांतनं. शिवण उसवावी तशी जमीन उसवली. पातळ रस, दूर दूर पसरला, गार झाला. मग भट्टी थांबली. किती वर्षं थांबली कुणास ठाऊक, पण वरचा दगड झिजून त्याची माती झाली, इतकी. पाऊस पडला आसंल, झाडं आली आसतील. आन मग पुन्हा ओतकाम. ती माती खाली भाजून निघाली. ह्यो तांबडा पट्टा हाय ना, ती माती."

अक्का त्या पट्ट्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे कुणाचंतरी शेत जळालं."

"अगं, माणूसच नव्हता तवा. सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली म्हणत्यात."

"मग हे बघायला कोण होतं?"

"कुणीच न्हाई."

आपण रोज ज्याच्यावर पाय ठेवतो, ज्याचा पाटा, ज्याचं जातं, ज्याची पायरी, तो दगड एके काळी लाल होऊन वाहत होता. इथून पार घाटाच्या कड्यांपर्यंत, एकावर एक, थरावर थर. आणि एवढं सगळं झालं तेव्हा बघायला कुणी नाही... परत येताना रिक्षात दाजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बघायला कुणी नव्हतं. मग सांगायला तरी कुणी पायजेल का न्हाई?"

शाळेत ते आले ते मात्र चुकून. मी घराची किल्ली विसरले होते, ती द्यायला ते वर आले. मी पाचवीच्या वर्गाबाहेर खिचडीचं पातेलं घेऊन उभी होते आणि आत मनीषा मॅडम ज्वालामुखी शिकवत होत्या. पोरांनी मातीचा डोंगर केला होता, त्यात खायचा सोडा आणि लाल रंग, वरून व्हिनेगर ओतलं की लाल फेस उतू जायचा. पोरं टाळ्या वाजवत होती. दाजी दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, ह्यो तर साबणाचा फेस झाला की." मला धरणी ठाव देईना. मी खिचडीच्या पातेल्यामागे तोंड लपवलं. पण मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग खरा कसा असतो, काका? या, तुम्ही सांगा."

दाजींनी चपला दाराबाहेर काढल्या, देवळात जाताना काढतात तशा. फळ्यापाशी उभे राहिले आणि विचारलं, "पोरांनो, दगड पाघळतो का?"

"नाही!"

"लोखंड?"

"नाही!... हो! नाही!"

मग त्यांनी बाही वर करून दाखवली. कोपराखाली त्यांच्या हातावर रसाच्या थेंबांचे जुने डाग होते, देवीच्या व्रणांसारखे. आणि ते सांगू लागले. जमिनीच्या खाली, खूप खाली, अतोनात उष्णता आहे. तिथला दगड तापलेला असतो, पण वरच्या डोंगरांचं, जमिनीचं एवढं ओझं त्याच्यावर असतं की त्याला वितळायलाही मोकळीक मिळत नाही. जिथे तो वर सरकतो तिथे ओझं कमी होतं आणि तो पाघळू लागतो. पाघळलेला रस आजूबाजूच्या घट्ट दगडापेक्षा हलका, म्हणून तो फटीफटीतून वर चढतो आणि एखाद्या पोकळीत साठून राहतो. त्यात गॅस विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीत कसा असतो, झाकण आहे तोवर दिसत नाही, झाकण काढलं की उसळतो. वरचं झाकण फुटलं की झालं! राख, दगड, आग, सगळं आभाळात. जे बाहेर पडतं ते तोंडाभोवतीच साचतं, पुन्हा फुटतं, पुन्हा साचतं, असा थरावर थर चढून डोंगर तयार होतो. "डोंगर आधी आन आग मागनं, असं न्हाई. आगीनंच डोंगर रचला."

पहिल्या वेळी त्यांनी एक चूक केली होती. पृथ्वीच्या पोटात सगळा रसच भरलाय, भट्टीसारखा, असं ते सांगून गेले. नंतर मॅडमनी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं की तसं नाही, वरच्या कवचाखालचा बहुतेक दगड घट्टच असतो, तो फार हळू सरकतो आणि ठरावीक जागीच वितळतो. दुसरा कुणी असता तर पुन्हा फिरकला नसता. दाजी पुढच्या शनिवारी मुद्दाम आले. "पोरांनो, मागच्या टायमाला माझा माल रिजेक्ट झाला. दुरुस्त करायला आलोय." त्यानंतर दर वर्षी ज्वालामुखीचा धडा आला की मॅडम मला निरोप द्यायच्या, "काकांना सांगा, शनिवारी या."

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांनी मोठा कागद आणून चित्र काढलं. डोंगर, नळी, तोंड, वर राखेचा ढग. त्यांचे हात तोवर कापायला लागले होते, म्हणून नावं लिहायचं काम माझ्यावर आलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मुख. नळी. राख. लाव्हा. आणि सगळ्यात खाली, जिथे तो साठतो तिथे, शिलारस. शनिवारी चार्ट फळ्यावर लावला आणि पोरांनी वाचायला सुरुवात केली. शेवटच्या नावापाशी आली आणि एकदम खसखस पिकली.

"शिळा रस! मावशी, शिळा रस!"

"वास येत असेल याला!"

"फ्रीजमध्ये ठेवायचा ना, मावशी!"

मी ल चा ळ करून ठेवला होता, आणि वर शब्दाचे दोन तुकडे. लहानपणी वर्गात माझं नाव पुकारलं की मी 'हजर' म्हणायचे, पण माझा आवाज गुरुजींपर्यंत पोचायचा नाही आणि ते पुढे जायचे. शाळेत असून माझी गैरहजेरी लागायची. त्या शनिवारी मला तीच चौथीतली मी आठवले. मी दाराकडे वळले. तेवढ्यात दाजी म्हणाले, "थांब शकू. थांबा रे. शिळं म्हंजे काय?"

"कालचं!"

"आन शिळा म्हंजे?"

मॅडम म्हणाल्या, "शिळा म्हणजे दगड."

"मग दगडाचा रस, शिळा-रस. मावशीनं काय चूक लिवलं? आन कालचा म्हणाल तर कालचाच हाय त्यो. ही धरती झाली तवाची उष्णता अजून खाली धरून हाय, न्हाई निवली. आईनं केलेली आमटी घटकाभरात निवती. असला शिळा रस दुसरीकडं कुठं मिळल का तुमाला?"

पोरं पुन्हा हसली, पण आता माझ्यावर नाही. मॅडमनी चार्टवरचं अक्षर खोडलं नाही. फक्त म्हणाल्या, "पेपरात मात्र शिलारस लिहायचं बरं का." तो चार्ट अजून तसाच आहे.

दाजी गेल्यावर धडा मॅडमनी पुढे ढकलला होता. तीन आठवड्यांनी त्या मला जिन्यात भेटल्या. "मावशी, चार्ट आहे, काका नाहीत. मी शिकवेनच... पण पोरं विचारतायत," एवढं बोलून त्या थांबल्या. मी घरी आले. संध्याकाळी अक्काकडे जाऊन बसले. मी विचारायच्या आधीच तिने मोरीतून दगड आणून, पुसून माझ्या पुढ्यात ठेवला. "घेऊन जा. पण परत आण, माझ्या टाचांना लागतो."

शनिवारी मी चपला बाहेर काढून वर्गात गेले. चाळीस तोंडं माझ्याकडे बघत होती. मी 'मुलांनो' म्हणायला गेले आणि आवाजच येईना. रस आत साठलेला, आणि झाकण घट्ट. मी खिचडीची मोठी बादली पाण्याने भरून नेली होती. काही सुचेना म्हणून त्यात दगड सोडला. दगड तळाला गेला आणि त्याच्या भोकाभोकांतून बुडबुडे निघाले, आधी भरभर, मग एक-एक करत. पोरं बाकं सोडून बादलीभोवती जमली.

"मावशी, हा जिवंत आहे?" समोरच्या आरोहीने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "हा आपलाच वारा आहे. पण ही घरं आतल्या गॅसने कोरलीत, तो सगळा बाहेर पडायच्या आत हा दगड गार झाला..." आणि तिथून मी बोलत गेले. दाजींचं लोखंड मला येत नव्हतं, मग मी चुलीवरचं सांगितलं. दूध तापलं की साय उचलून पातळ दूध नुसतं वाहून जातं, सगळा ओटा भरतो. आपल्याकडचा रस तसा होता. पिठलं मात्र घट्ट. त्यातली वाफ सहज निघत नाही, मग ती फटकन फुटते आणि हात भाजतो. जगात ज्या ज्वालामुखींचा स्फोट होतो त्यांचा रस पिठल्यासारखा. पोरांना पिठलं लगेच कळलं. प्रत्येकाच्या आईचा हात कधी ना कधी भाजलेला होता. मग मी वाकडच्या खड्ड्यातला तांबडा पट्टा सांगितला, भाजलेली माती सांगितली, आणि म्हटलं, "आणि एवढं झालं ते बघायला कुणीच नव्हतं."

"डायनोसॉर होते, मावशी!" मागून तीन-चार जण एकदम ओरडले.

दाजींना हे ऐकायला मिळायला हवं होतं. अक्काच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. "होते का?" मी म्हटलं. "मग त्यांनी बघितलं. पण त्यांना सांगता आलं नाही."

आरोही अजून बादलीपाशीच होती. तिने हळूच विचारलं, "आमच्या बिल्डिंगखालून परत येईल का तो?" हे दाजींना कधी कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि मला जे समजलं होतं तेच सांगितलं. इथला रस कधीच दगड झाला, आपण त्याच्यावरच घरं बांधलीत, म्हणून तर ती पक्की आहेत. पृथ्वीवर दुसरीकडे तो अजून उकळतो, पण तिथे माणसं यंत्रं लावून बसलेली असतात. जमीन फुगली, थरथरली की ती गावाला आधी सांगतात. "सांगणारं कुणीतरी असतं," मी म्हटलं. ती मान हलवून जागेवर गेली. मग मला एकदम माझं चौथीतलं 'हजर' आठवलं आणि मी विचारलं, "मागे ऐकू येतंय का?"

शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "येतंय, मावशी."

दगड मी त्याच संध्याकाळी परत नेऊन दिला. आता रविवारी मी गेले की अक्का मोरीच्या उंबऱ्यावर बसून टाचा घासते. घासून झालं की दगड उंबऱ्यावर उन्हात वाळू देते आणि जेवणानंतर तो बादलीत सोडते. बुडबुडे येतात. आम्ही दोघी बघत बसतो. परवा अक्का उठायला लागली आणि म्हणाली, "झाले बघ संपले."

मी म्हटलं, "थांब... एक राहिलाय."